क्रम लावण्याचे गणित : उत्तर बरोबर, प्रश्न अपुरा

तीर्थपुरी हे जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले गाव. काही दिवसांपूर्वी तेथे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या शिक्षकांशी गणितावर गप्पा मारण्याचा योग आला. गळीत हंगाम चालू होता. तीर्थपुरीला साखर कारखाना असल्यामुळे उसाच्या गाड्यांची रांग हा तेथील मुलांच्या रोजच्या पाहण्यातला विषय. म्हणून मी सुरुवातीलाच विचारले, “गव्हाणीवर आधी कोणाची गाडी घ्यावी?”

पहिले उत्तर आले, “ज्याचा नंबर आधी त्याची.” दुसरा मुलगा म्हणाला, “ज्याचा ऊस आधी तोडलाय त्याची. वाळला की वजन घटतं.” तिसरा म्हणाला, “लहान गाड्या आधी घ्या, म्हणजे जास्त लोक लवकर सुटतील.”

मला फार आनंद झाला. या तिघांनी कोणतेही पुस्तक न उघडता या शास्त्रातले तीन प्रसिद्ध नियम सांगितले होते. पहिला नियम रांगेचा. दुसरा, ज्याची मुदत आधी संपते ते काम आधी. सर्वाधिक उशीर कमीत कमी ठेवायचा असेल तर एका यंत्रासाठी हाच नियम उत्तम, हे जॅक्सन यांनी १९५५ मध्ये दाखवले. तिसरा, कमी वेळाचे काम आधी. सर्वांचा मिळून वाट पाहण्याचा वेळ याने किमान होतो, हे स्मिथ यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले. तिन्ही नियम बरोबर आहेत, कारण प्रत्येक नियम वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

एवढ्यात वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, आमच्या पुस्तकातही कामांचा क्रम लावायची गणितं आहेत. पण त्यात एकच उत्तर बरोबर असतं.”

तिचे हे वाक्य मनातून जाईना. परत आल्यावर ते प्रकरण पुन्हा नीट वाचले. हा लेख त्या वाचनातून झाला आहे.

पाठ्यपुस्तकात काय आहे?

महाराष्ट्र राज्याच्या बारावी वाणिज्य शाखेसाठी ‘बालभारती’ने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणित व संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाच्या दुसऱ्या भागात सातवे प्रकरण ‘असाइनमेंट प्रॉब्लेम अँड सिक्वेन्सिंग’ हे आहे. त्याच्या उत्तरार्धात दोन किंवा तीन यंत्रांवर काही कामे करायची असतात. प्रत्येक काम आधी पहिल्या यंत्रावर, मग दुसऱ्यावर जाते. कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते दिलेले असते. सगळी कामे लवकरात लवकर संपतील असा क्रम शोधायचा, एकूण लागणारा वेळ काढायचा आणि प्रत्येक यंत्र किती वेळ रिकामे राहते ते सांगायचे.

सतरा वर्षांच्या मुलांच्या हाती हा विषय दिला, याबद्दल पुस्तकाच्या कर्त्यांचे प्रथम अभिनंदन केले पाहिजे. शालेय गणितात ‘काय करावे’ हे सांगणारी प्रकरणे फार थोडी. येथे मुलाला खरोखरच एक निर्णय घ्यावा लागतो, आणि त्यासाठी बेरीज व तुलना यापलीकडे काही लागत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी पुस्तकातला मुख्य नियम समजून घेऊ.

जॉन्सनचा नियम

अमेरिकेतील सेल्मर जॉन्सन या गणितज्ञाने हा नियम १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळच्या लेखनात उदाहरण येते ते छापखान्याचे : पुस्तके आधी छापायची, मग बांधायची. छपाईचे यंत्र एक, बांधणीचे एक. कोणते पुस्तक आधी छापायला घ्यावे?

आपण छापखान्याऐवजी इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना घेऊ. चार प्रकारची कार्डे बनवायची आहेत. कार्ड म्हणजे तांब्याच्या रेषा छापलेली आणि वर सुटे भाग बसवलेली पाटी, अर्थात पीसीबी. पहिले यंत्र पाटीवर भाग बसवते, दुसऱ्या टेबलावर तपासणी होते. प्रत्येक प्रकारच्या कार्डांचा एक घाणा, आणि तो पूर्ण झाला की ट्रेमधून तपासणीकडे जातो. वेळ तासांत असा आहे :

सौरदिव्याचे कार्ड : बसवणी २, तपासणी ३
वजनकाट्याचे कार्ड : बसवणी ३, तपासणी ६
इन्व्हर्टरचे कार्ड : बसवणी ६, तपासणी ४
पंपाच्या स्टार्टरचे कार्ड : बसवणी ५, तपासणी २

नियम असा : सर्व आकड्यांतला सर्वांत लहान आकडा शोधा. तो पहिल्या यंत्राचा असेल तर ते काम शक्य तितके आधी ठेवा. दुसऱ्या यंत्राचा असेल तर शक्य तितके शेवटी ठेवा. ते काम यादीतून काढा आणि उरलेल्यांसाठी तेच करा.

येथे सर्वांत लहान आकडा २. तो सौरदिव्याच्या बसवणीचा आहे, म्हणून सौरदिवा सर्वांत आधी. तोच आकडा स्टार्टरच्या तपासणीचाही आहे, म्हणून स्टार्टर सर्वांत शेवटी. पुढचा लहान आकडा ३, वजनकाट्याच्या बसवणीचा. तो दुसऱ्या जागी. उरलेला इन्व्हर्टर तिसऱ्या जागी.

आता हिशेब करू. बसवणी ०-२, २-५, ५-११, ११-१६ अशी होईल. तपासणी २-५, ५-११, ११-१५, १६-१८ अशी होईल. म्हणजे १८ तासांत सर्व कामे संपली. नेमका उलटा क्रम लावून पाहा : स्टार्टर, इन्व्हर्टर, वजनकाटा, सौरदिवा. २४ तास लागतात. माणसे तीच, यंत्रे तीच, कामे तीच. केवळ क्रम बदलल्याने सहा तासांचा फरक पडला.

नियम का चालतो? प्रारंभी पहिले काम हाती येईपर्यंत दुसऱ्या यंत्राला थांबावेच लागते, तेव्हा पहिल्या यंत्रावर झटपट होणारे काम आधी घ्यावे. अखेरीला पहिले यंत्र मोकळे झालेले असते आणि शेवटच्या कामाची तपासणी तेवढी उरते, तेव्हा झटपट तपासले जाणारे काम शेवटी ठेवावे. १८ पेक्षा कमी तासांत का जमणार नाही, हेही दोन ओळींत सांगता येते. बसवणीची बेरीज १६ तास, आणि शेवटच्या कामाची तपासणी किमान २ तास. १६ अधिक २ म्हणजे १८. पुस्तकात नियम नेमका दिला आहे, उदाहरणेही सोडवली आहेत. पण नियमामागचे हे साधे कारण तेथे उलगडत नाही. कारण कळले असते तर नियम पाठ करावा लागला नसता, आणि तो कुठे मोडेल याचा अंदाजही आला असता.

कारखान्यात गेल्यावर

मराठवाड्याला इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने नवे नाहीत. छत्रपती संभाजीनगरजवळ पैठण रस्त्यावर चितेगाव येथे व्हिडिओकॉनचे दूरचित्रवाणी संच बनत. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण तिच्यासारख्या कारखान्यांनी या भागातल्या अनेकांच्या हाताला हे काम शिकवले. पुणे जिल्ह्यात रांजणगावला एलजीचा कारखाना आहे. मोठ्या कारखान्यांच्या आसपास लहान लहान कारखाने उभे राहतात, आणि ते दुसऱ्यांसाठी कार्डे बनवून देतात. आज एका गिऱ्हाइकाची ३०० कार्डे, उद्या दुसऱ्याची ५०. क्रम लावण्याचा प्रश्न खरा बोचतो तो अशा लहान कारखान्यात.

संशोधनाची पदवी हाती पडून दोनच वर्षे झाली असताना अशा एका कारखान्याने मला बोलावले. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण चूक माझी होती. मालकांनी आठवड्याच्या कामांची यादी दिली, प्रत्येक कामाचा वेळ दिला. मी जॉन्सनचा नियम लावून तासाभरात क्रम लिहून दिला आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, यापेक्षा चांगला क्रम असूच शकत नाही. चौथ्या दिवशी मला पुन्हा बोलावणे आले. काम दीड दिवस मागे पडले होते. दुसऱ्या पाळीच्या स्त्रियांना दोन रात्री उशिरापर्यंत थांबावे लागले होते आणि गावाकडे जाणारी शेवटची बस त्यांना मिळाली नव्हती. यंत्रावर काम करणाऱ्या एक ताई शांतपणे म्हणाल्या, “सर, तुम्ही रिळं मोजलीच नाहीत.”

रिळे म्हणजे काय ते सांगतो. भाग बसवणाऱ्या यंत्रात रोध, संधारित्र, चिप असे बारीक भाग कागदी किंवा प्लॅस्टिकच्या फितीवर रिळात गुंडाळलेले येतात. प्रत्येक रीळ एका फीडरवर चढवायचे, आणि तो फीडर यंत्राच्या ठरलेल्या खाचेत बसवायचा. एका कार्डाला असे पन्नास-साठ प्रकारचे भाग सहज लागतात. कार्ड बदलले की रिळे बदलावी लागतात. सोल्डरची लुकणी पाटीवर ओढण्याची जाळी बदलावी लागते. भट्टीचे तापमान कार्डाच्या जाडीप्रमाणे बदलून ती स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. शिसे नसलेले सोल्डर सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळते. भट्टी पुरेशी तापली नाही तर सांधे कच्चे राहतात, जास्त तापली तर भाग जळतात. मग पहिले कार्ड काढून त्यावरचा प्रत्येक भाग तपासायचा, कारण एक रीळ चुकीच्या खाचेत बसले तर साऱ्या घाण्यात तीच चूक उतरते. या सगळ्या तयारीला कारखान्यात ‘सेटअप’ म्हणतात. लहान घाण्यांच्या कामात प्रत्यक्ष बसवणीपेक्षा सेटअपचाच वेळ जास्त होऊ शकतो.

महत्त्वाची गोष्ट अशी की, हा वेळ आधी कोणते कार्ड झाले यावर अवलंबून असतो. दोन कार्डांत बरेच भाग सारखे असतील तर थोडीच रिळे बदलावी लागतात; वेगळे असतील तर जवळजवळ सगळी. त्या ताई हे वर्षानुवर्षे पाहत होत्या आणि सारखी कार्डे एकापाठोपाठ लावत होत्या. त्यांचा क्रम मी मोडला होता.

क्रम लावण्याच्या पाठ्यपुस्तकी गणितात काही गृहीतके असतात : एका यंत्रावर एका वेळी एकच काम, सुरू केलेले काम मध्ये सोडायचे नाही, एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याचा वेळ धरायचा नाही, आणि कामाला लागणारा वेळ क्रमावर अवलंबून नाही. यातले शेवटचे गृहीतक इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सर्वांत आधी कोसळते. गंमत अशी की जॉन्सन यांच्या मूळ निबंधाच्या शीर्षकातच ‘सेटअपचा वेळ धरून’ अशा अर्थाचे शब्द आहेत. त्यांनी तो वेळ प्रत्येक कामाच्या वेळेत मिळवून टाकला होता. तो क्रमानुसार बदलत नसेल, तरच असे मिळवता येते.

तेच गणित पुन्हा

आपली चार कार्डे घेऊ. सौरदिवा आणि इन्व्हर्टर या दोन्हींत बॅटरी भारित करण्याची जोडणी असते. त्यांचे बरेच भाग सारखे समजू. वजनकाटा आणि स्टार्टर या दोन्हींत गणन करणारी चिप आणि आकडे दाखवणारी पट्टी असते. ही दुसरी जोडी. जोडीतल्या जोडीत कार्ड बदलायला १ तास, एका जोडीतून दुसरीत जायला ३ तास लागतात असे मानू. पहिल्या कार्डाची तयारी आदल्या दिवशीच झाली आहे.

जॉन्सनचा क्रम होता सौरदिवा, वजनकाटा, इन्व्हर्टर, स्टार्टर. दर वेळी जोडी बदलते. बसवणी ०-२, ५-८, ११-१७, २०-२५ अशी होईल. तपासणी २-५, ८-१४, १७-२१, २५-२७. एकूण २७ तास.

आता त्या ताईंचा क्रम : सौरदिवा, इन्व्हर्टर, वजनकाटा, स्टार्टर. बसवणी ०-२, ३-९, १२-१५, १६-२१. तपासणी २-५, ९-१३, १५-२१, २१-२३. एकूण २३ तास.

सेटअप न धरता हाच दुसरा क्रम तपासला तर त्याला २० तास लागतात, म्हणजे जॉन्सनच्या क्रमापेक्षा दोन तास जास्त. परीक्षेत तो कोणी लिहिला तर शून्य गुण मिळतील. कारखान्यात मात्र तोच चार तास वाचवतो. आणि तो सर्वोत्तम आहे, हेही सिद्ध करता येते. बसवणीची बेरीज १६, सेटअप कमीत कमी १ अधिक ३ अधिक १ म्हणजे ५, शेवटची तपासणी किमान २, एकूण २३. यापेक्षा कमी होणे शक्य नाही.

आता तीर्थपुरीच्या दुसऱ्या मुलाचा प्रश्न यात घालू. वजनकाट्याच्या गिऱ्हाइकाची गाडी १५ व्या तासाला निघते. ताईंच्या क्रमात वजनकाट्याचे काम २१ व्या तासाला संपते, म्हणजे गाडी चुकली. जॉन्सनच्या क्रमात ते १४ व्या तासाला संपते, पण एकूण वेळ २७. मग वजनकाटा, स्टार्टर, इन्व्हर्टर, सौरदिवा हा क्रम पाहा. वजनकाटा ९ व्या तासाला तयार आणि एकूण वेळ २५. ही मुदत पाळायची असेल तर २५ पेक्षा कमी वेळात सगळे आटोपत नाही. क्रम चोवीसच आहेत. वाचकांनी पडताळून पाहावे.

कामे चार, उत्तरे तीन. कोणते बरोबर? हे आकडे सांगत नाहीत. काय वाचवायचे आहे, हे आधी माणसाने ठरवायचे असते. त्या विद्यार्थिनीला वर्गात द्यायला हवे होते ते उत्तर हेच.

रिकाम्या यंत्राचा धाक

दुसरा आक्षेप रिकाम्या वेळेविषयी. प्रत्येक गणिताच्या शेवटी यंत्र किती वेळ रिकामे राहिले ते विचारले जाते. विचारायला हरकत नाही. पण ते दर वेळी विचारले आणि त्याचे पुढे काहीच केले नाही, तर मुलाच्या मनात एक समज पक्का होतो : रिकामे यंत्र म्हणजे तोटा.

आपल्या पहिल्या गणितात तपासणीचे टेबल १८ पैकी ३ तास रिकामे होते, आणि तरीही तो क्रम सर्वोत्तम होता. बसवणीचे यंत्र सारखे चालू असताना तपासणी थोडी थांबली तर बिघडत नाही. ते थांबणे टाळण्यासाठी काही केले तरी काम लवकर संपत नाही. जेथे रांग लागते त्या यंत्राचा वाया गेलेला तास साऱ्या कारखान्याचा तास असतो. इतर यंत्रांचा तसा नसतो. एलियाहू गोल्डरॅट या भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये ‘द गोल’ ही कारखान्याची कादंबरी लिहून हेच व्यवस्थापकांच्या गळी उतरवले.

‘यंत्र कधी रिकामे ठेवायचे नाही’ या हट्टाचा परिणाम किती विचित्र होऊ शकतो, हे पी. आर. कुमार आणि थॉमस साइडमन यांनी १९९० मध्ये गणिताने दाखवले. काही कारखान्यांत तेच काम पुन्हा पुन्हा त्याच यंत्राकडे परत येते. चिप बनवताना सिलिकनची चकती प्रकाशाने नक्षी उमटवणाऱ्या यंत्राकडे अनेकदा फिरून येते. अशा व्यवस्थेत प्रत्येक यंत्राला येणाऱ्या कामापुरती ताकद असूनही, प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाचा वाटणारा नियम पाळला तर रांगा वाढतच जाऊ शकतात. एकाची रांग संपेपर्यंत दुसरा उपाशी राहतो, मग त्याच्याकडे एकदम लोंढा येतो. असे हेलकावे वाढत जातात.

दोन यंत्रांवरून तीन यंत्रांवर

तिसरा आक्षेप. पुस्तकात तीन यंत्रांचीही गणिते आहेत. तेथे एक अट तपासायची असते : पहिल्या किंवा तिसऱ्या यंत्रावरचा सर्वांत लहान वेळ हा मधल्या यंत्रावरच्या सर्वांत मोठ्या वेळेइतका किंवा त्याहून जास्त असला पाहिजे. अट पाळली जात असेल तर पहिल्या-दुसऱ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळांची बेरीज करून दोन यंत्रांचा नियम लावता येतो. मुले अट तपासतात आणि ती दर वेळी जुळते. न जुळली तर काय, हा प्रश्न उठतच नाही.

गणितातली सर्वांत सुंदर गोष्ट नेमकी तेथे आहे. अट नसेल तर तीन यंत्रांचा प्रश्न एकदम दुसऱ्या जातीचा होतो. मायकेल गॅरी, डेव्हिड जॉन्सन आणि रवी सेठी यांनी १९७६ मध्ये सिद्ध केले की, ज्या अवघड प्रश्नांसाठी कोणताही झटपट नियम आजवर सापडलेला नाही, त्यांच्याच पंगतीत हा बसतो. सगळे क्रम तपासू म्हटले तर १० कामांचे ३६,२८,८०० क्रम होतात. २० कामांचे क्रम म्हणजे २४ च्या पुढे १७ शून्ये. दर सेकंदाला एक कोटी क्रम तपासणाऱ्या संगणकालाही सुमारे ७,७०० वर्षे लागतील. ज्यात प्रत्येक कामाचा यंत्रांवर जाण्याचा मार्ग वेगळा असतो अशा, १० कामे व १० यंत्रांचा एक प्रश्न १९६३ मध्ये एका पुस्तकात दिला गेला. त्याचे सर्वोत्तम उत्तर ९३० आहे, याची सिद्धता कार्लिए आणि पिन्सन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. मध्ये २६ वर्षे गेली.

मग कारखाने काय करतात? सर्वोत्तम उत्तराचा हट्ट सोडून चांगल्यापैकी उत्तर शोधतात. नवाझ, एन्स्कोर आणि हॅम यांनी १९८३ मध्ये दिलेली रीत बारावीच्या मुलाला सहज जमेल. ज्या कामाला एकूण सर्वाधिक वेळ लागतो ते आधी घ्या. मग उतरत्या क्रमाने एकेक काम घेऊन, ते आधीच्या रांगेत ज्या जागी घातल्याने एकूण वेळ सर्वांत कमी होईल तेथे घाला. उत्तर सर्वोत्तम असेलच असे नाही, पण बहुतेक वेळा त्याच्या जवळचे असते. गणितातही ‘बऱ्यापैकी’ या शब्दाला मान आहे, हे मुलांना कळायला याहून चांगली जागा नाही.

हे जास्त होते का?

एक शिक्षक मित्र म्हणाले, “अहो, आधीच अभ्यासक्रम संपत नाही. त्यात सेटअप, मुदत आणि एकोणीसशे शहात्तर कुठे घालता?” त्यांचे म्हणणे खोटे नाही. पाठ्यपुस्तकाला पाने मोजून मिळतात, आणि नियम शिकवायचा तर प्रथम सोपे जगच घ्यावे लागते. भौतिकशास्त्रातही आपण घर्षण नसलेल्या उतारापासून सुरुवात करतो. पण तेथे आपण घर्षणाचा धडाही शिकवतो. येथे तो धडा गाळला आहे, आणि घर्षणाशिवायचा उतार हाच खरा उतार असे मूल समजून बसते. पुढे ते मूल कारखान्यात उत्पादन नियोजनाच्या टेबलावर बसले, तर मी केली तीच चूक करील, आणि तिची किंमत बस चुकलेल्या माणसांना मोजावी लागेल.

त्यासाठी पाने वाढवायला नकोत. एक तास पुरेल. चार प्रकारचे कागदी आकार घ्या, दोन लाल पेन्सिलीने रंगवायचे, दोन निळ्या. एका बाकावर रंगवणे, दुसऱ्यावर कात्रीने कापणे. पेन्सिल बदलायची असेल तर वर्गाच्या दारापर्यंत जाऊन आणायची, हा झाला सेटअप. एका गटाला जॉन्सनचा क्रम द्या, दुसऱ्याला हवा तो क्रम लावू द्या, आणि घड्याळ लावा. मग फळ्यावर तीन प्रश्न लिहा. कोणते गृहीतक मोडले? आपण काय वाचवले : यंत्राचा वेळ, माणसाचा वेळ, की गिऱ्हाइकाची मुदत? आणि हे आधी कोणी ठरवायला हवे होते?

तीर्थपुरीत जेवणाच्या सुटीनंतर त्या विद्यार्थिनीने मला आणखी एक प्रश्न विचारला होता. “सर, उसाच्या गाडीला नंबर लावायचा नियम कोणता बरोबर, ते तुम्ही सांगितलंच नाही.” मी म्हटले, “आधी तू सांग, वाळलेल्या उसाचं नुकसान कोणी सोसायचं? ते ठरलं की नियम मी काढून देतो.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “हे गणिताच्या तासाला विचारत नाहीत.”

विचारायला हवे.